मिळकत नंबर एकशे सतरा

४ ऑगस्ट, सोमवार

हॉटेलनं दिवाळीत वाटलेली ही डायरी कपाटात धूळ खात पडली होती. बँकेतले साहेब म्हणाले, ताई, कुठला कागद कोणाला कधी दिला ते लिहून ठेवत जा, नाहीतर मागून डोक्याला हात लावून बसाल. म्हणून काढली. दुपारच्या सुट्टीत लिनन रूममध्ये बसून लिहितेय. समोर धुऊन आलेल्या चादरींची थप्पी आहे, त्या काही कुणाला सांगायला जाणार नाहीत.

तर, घर घेतलं. घोरावाडी स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, तिसरा मजला, हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. दस्त झाला, तोही माझ्या एकटीच्या नावावर. सतरा वर्षं देहूरोडला दहा बाय बाराच्या खोलीत काढली. तिथं भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागायचं. आता मी घरभर खिळे ठोकणार आहे. टांगायला काही नसलं तरी ठोकणार आहे.

नवऱ्याला तोंडावर 'अहो' म्हणते. इथं सोपान लिहीन. माझी डायरी आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

दस्ताची झेरॉक्स, आधार, पॅन नगरपरिषदेत दिलं. कर विभागात उझमा मॅडम आहेत, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच घर घेणाऱ्या बाईला पाच वर्षं घरपट्टी निम्मी. अट एकच, तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आधी कुठंही पक्कं घर नको. गावच्या ग्रामपंचायतीचा तसा दाखला जोडायचा. मुदत ३० सप्टेंबर.

मी म्हटलं, "मॅडम, बारा वर्षं लोणावळ्यात दुसऱ्यांच्या गाद्यांवर चादरी घालतेय. माझ्या नावावर कुठलं आलंय घर?"

त्या हसल्या. "सगळे असंच म्हणतात, माधवीताई. दाखला तेवढा आणा."

९ ऑगस्ट, शनिवार

भांडी बांधायला घेतली. कोमलची दहावी असली तरी तिला हाताशी धरलंच, नाहीतर मोबाईल घेऊन बसते. तिनं पिठाचा डबा पुसता पुसता उलटा केला आणि वाचलं, "सौ. माधवी सोपान केदारी, ११-५-२००४. मम्मी, तुझं लग्न तर २००८ ला झालं ना?"

पप्पांची पहिली बायको वारली एवढं तिला ठाऊक होतं. नावाचं ठाऊक नव्हतं. सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात. सासूबाईंना लिहिता येत नाही, त्यांनी भटजींच्या कानात सांगितलं आणि भटजींनी सोपानच्या हातून 'माधवी' लिहून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात माधवी हुती, माधवीच राहील." माझे वडील खाली बघत राहिले. दुसरेपणावर दिलेल्या मुलीचा बाप काय बोलणार? शिवाय गळ्यात तिचा चांदीचा टाक आला, नखाएवढा. सवतीचा असा टाक घालायची आमच्याकडं रीत आहे.

कोमल म्हणाली, "ई, मम्मी! तुला कसंतरी नाही होत?"

म्हटलं, "नाव घेतल्यानं अंगावरचं मांस कमी होतं का? आणि स्टीलच्या डब्याला कसलं आलंय सुतक? पुस तो."

१३ ऑगस्ट, बुधवार

हाफ डे टाकून मळवलीला उतरले, रिक्षानं गावात गेले. आमचं गाव कार्ल्याच्या पलीकडं, भातखाचरांच्या कडेला. पंचायतीत नवाज नावाचा ऑपरेटर आहे, नवीन पोरगा. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, दाखला कसा देऊ? तुमच्या नावावर घर हाय की."

त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. मिळकत नंबर ११७. माधवी सोपान केदारी. दोन खोल्या, विटा-सिमेंट, पत्रा. घरपट्टी या मार्चपर्यंत भरलेली, एकही साल चुकलेलं नाही.

"कोण भरतं?"

"मला काय ठाऊक, वहिनी? मी आत्ता गेल्या दिवाळीला लागलो. पावती तर तुमच्याच नावानं निघती."

ते घर मी ओळखते. गावाच्या शेवटाला, ओढ्याच्या अलीकडं. लग्न झाल्यावर मला सांगितलं होतं, एका पाहुण्याचं आहे, तो मुंबईला असतो. सतरा वर्षं त्याच्यावरून ये-जा केली. आज पहिल्यांदा उभी राहून पाहिलं. अंगण झाडलेलं. उंबरा ताजा सारवलेला, त्याला हळदीची दोन बोटं. कुलूप जुनं पण तेल पाजलेलं. खिडकीच्या काचेवर मात्र इतकी धूळ की आतलं काही दिसत नव्हतं. म्हणजे लोकांना दाखवायला बाहेरून चकाचक.

सासूबाईंकडं न जाताच परत फिरले. पाठीमागं कोणीतरी माझ्या नावानं हाक मारतंय असं रिक्षा मिळेपर्यंत वाटत राहिलं. कोणी नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोपानला विचारलं. डेपोतल्या ड्यूटीवरून येऊन चहा पीत होते. कप खाली ठेवला.

"ते तिचं घर हाय. कार्ल्याच्या पायऱ्यांपाशी कणसं भाजून, सरबत विकून तिनंच बांधलं."

"आणि घरपट्टी?"

"मला न्हाई ठाऊक."

खोटं बोलतात. मला इतकं वाईट वाटलं की भाजीला मीठ दोनदा घातलं. मेलेल्या बायकोचं घर हा माणूस अजून सांभाळतोय. तिचं नाव कुठल्याही कागदावरनं पुसू देत नाही. आणि मला? 'अगं', 'ऐक की', 'कोमलची आई'. सतरा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. ते नाव तिच्यासाठी राखून ठेवलंय.

२० ऑगस्ट, बुधवार

उझमा मॅडमना सांगितलं, ती बाई वेगळी, मी वेगळी. त्या म्हणाल्या, "मग सोपं आहे. तिचा मृत्यूचा दाखला आणा." मग आधार कार्डाकडं बघून म्हणाल्या, "त्रेचाळीस वाटत नाही हो तुम्ही."

"अडतीस," मी म्हटलं.

"इथं तर १९८२ आहे. एक जून."

एक जून मला माहीत होता. दरवर्षी एक जूनला हॉटेलमध्ये माझ्या नावाचा केक कापतात. मी समजत होते, शाळेत अंदाजानं लावतात तसली कोणीतरी लावलेली तारीख आहे. केक फुकटचा, आपण कशाला बोला! सालाकडं मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

घरी येऊन सोपानला धारेवर धरलं. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. माझं लग्न झालं तेव्हा रेशनकार्डावर माझं नाव चढवलंच नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाव हाय की कार्डावर. माधवी, सून. आता अजून कशाला?" त्या कार्डावरून मतदार कार्ड निघालं, त्यावरून आधार, आधारवरून बँक, बँकेवरून घराचं कर्ज. तिच्या मृत्यूची नोंद कोणी केलीच नाही.

ट्रंकेच्या तळाशी माझा शाळेचा दाखला सापडला. सारिका सीताराम ढमाले. जन्म ९ नोव्हेंबर १९८६. त्यानंतर या मुलीचा कुठल्याच सरकारी कागदावर पत्ता नाही.

कागदोपत्री बघायला गेलं तर पहिली माधवी जिवंत आहे. नोकरी करते, मत देते, तिनं आता दुसरं घर घेतलंय. मेलेली मी आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज इंटरकॉमवरून मला अकरा वेळा बोलावलं. "माधवी, दोनशे चारला टॉवेल." "माधवी, डाग काढायला घे." मी मोजलं. दर वेळी आधी एक क्षण थांबायचे. वाटायचं, माझ्याआधी दुसरं कोणीतरी ओ देईल.

छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात ठेवली. सुपरवायझर ओरडला म्हणून परत लावली.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीमुळं हॉटेल भरलेलं, डायरीला वेळ नव्हता. आज नगरपरिषदेत गेले. उझमा मॅडमनी दार लोटून घेतलं आणि समोर बसवून नीट समजावलं.

"दोन वाटा आहेत, ताई. तिच्या मृत्यूची नोंद करा. पण मग ते घर वारसानं तुमच्या मिस्टरांकडं येणार. नवऱ्याच्या नावावर घर, म्हणजे सूट गेली. नाहीतर जसं आहे तसं असू दे. तुम्हीच माधवी. ते घर पाडा, पडल्याचा पंचायतीचा दाखला आणा. घर नाही, तर अटही आड येत नाही."

"म्हणजे मी माधवी राहिले तर निम्मी पट्टी. आणि सारिका झाले तर पूर्ण."

"तसंच म्हणा," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "माझ्या खालाचं, म्हणजे मावशीचंही नाव निकाहनंतर घरच्यांनी बदललं होतं. शेवटी तिच्या कबरीवर कुठलं लिहायचं यावरून भांडणं झाली."

त्यांनी चहा मागवला. मी प्यायले नाही.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. पाडायचं. निम्म्या पट्टीसाठी नाही, खरं सांगते. मला तिची एक वीट शिल्लक नको होती. मग या नावावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क राहणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

मी हटूनच बसले, तेव्हा सोपाननं गावातला पत्रेवाला ठरवला. बोलता बोलता ते सासूबाईंच्या कानावर गेलं. आज सकाळीच त्या मळवलीहून लोकलनं देहूरोडला आल्या, काठी टेकत, एकट्या. बहात्तर वर्षांच्या आहेत.

नेहमीसारख्या दारातच उभ्या राहिल्या. ही त्यांची जुनी खोड. कोणाच्याही घरी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, पोटच्या पोराच्याही. आधी मला ही मोठी रीतभात वाटायची, आता नाटक वाटतं. मी मुद्दाम पाच मिनिटं बोलावलंच नाही. कोमलनं हात धरून आत आणलं.

"त्या घराच्या पत्र्याला हात लावला तर माझं मढं बघशील, सोपाना."

"आई, पट्टीत सूट मिळती. बंदच तर पडलंय ते."

"बंद हाय तर ऱ्हाऊ दे बंद. पट्टी मी भरती, तुमच्याकडं मागितली का कदी?"

"तू भरतीस?" सोपाननं विचारलं. म्हणजे सोपान खरं बोलत होते. शेवग्याच्या शेंगा आणि कोंबड्यांची अंडी विकून ही बाई अठरा वर्षं मेलेल्या सुनेची घरपट्टी भरतेय.

का, ते विचारलं तर पिशवी उचलून उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "नवमीला ये. जेवायला ये, माधवी."

मला एवढंच कळलं की या घरात त्या बाईवर सगळ्यांचा जीव होता आणि मी तिच्या जागी ठेवलेली उशी आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात खिडकीची जागा मिळाली आहे.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. लोक दुसऱ्या घरची सवाष्ण बोलावतात. सासूबाई मलाच पाटावर बसवतात, लग्न झाल्यापासून. ओटी भरतात, साडी देतात. वडे, खीर, भाजी सगळं असतं, पण पहिल्यांदा ताटाशेजारी वाटीभर पातळ पेज ठेवतात. सणाच्या पानात पेज कोण वाढतं? मी दरवर्षी नाक मुरडून पिते. त्या समोर बसून बघत राहतात, वाटी रिकामी झाली की विचारतात, "पोट भरलं का, माधवी? अजून देऊ?"

आज मी वाटी बाजूला सारली.

"आधी मला त्या घराची किल्ली द्या."

वाटलं, भांडतील. त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि किल्ली पाटावर ठेवली.

आम्ही दोघी गेलो. कुलूप एका फेऱ्यात उघडलं. आत अठरा वर्षांची धूळ होती, पायाच्या बोटांमध्ये शिरेल इतकी. माझ्याशिवाय कोणाचंही पाऊल तीत नव्हतं. कोपऱ्यात चूल, जेमतेम काळी झालेली. फळीवर चार भांडी, सगळ्यांवर माझं नाव. खिडकीखाली लोखंडी पलंग, त्याच्या पायाशी आडवा पडलेला तांब्या. भिंतीत ओळीनं सात-आठ खिळे होते. रिकामे. नुसतेच ठोकलेले.

त्यातल्या एका खिळ्याला मी हात लावून पाहिला. मागं वळून पाहिलं तर सासूबाई अजून बाहेर, उंबऱ्याच्या त्या अंगाला. ऊन लागत होतं त्यांना.

मी म्हटलं, "आत्या, आत या ना."

त्या मटकन खाली बसल्या. त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी धावले. पदर तोंडात कोंबला होता त्यांनी. मग बोलल्या, माझ्याकडं न बघता, घराकडं बघून.

"असंच म्हनली हुती. हितनंच. आत्या, आत या ना.

"येगळं घर केलं म्हनून म्या बोललेवते तिला. तुजा उंबरा कदी ओलांडनार न्हाई म्हनले. आकाडाचे दिस, भाताची आवनी चाललीवती. तिला ताप भरलेला. सोपान देहूरोडला, पावसानं गाड्या बंद. मी सांगावा आला म्हनून आले, हितं दारात उभी ऱ्हायले. ती म्हनली, आत्या, आत या ना, वाईच पेज करून द्या. म्या म्हनलं, आदी तू माज्या दारात ये, चुकलं म्हन, मंग येती. आन गेले आवनीला. दुसऱ्या दिशी बी आले. तवा बी तसंच. तिसऱ्या दिशी आले तर हाक आली न्हाई."

ओढ्याचा आवाज येत होता. राग यायला हवा होता आणि आलाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडात जायची होती ती पेज सतरा वर्षं मी प्यायले. पोट भरलं का, हे त्या मला विचारत नव्हत्या. एकदाही मला विचारत नव्हत्या.

"सोपानला ठाऊक आहे?"

"न्हाई. कुनालाच न्हाई. नोंद करायला जावं तर इचारतील, जवळ कोन हुतं. म्हनून गेलेच न्हाई." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला ते नाव दिलं. म्हनलं, ती घरात आली परत. तिला खाऊ घालीन, न्हाऊ घालीन. तू आलीस तवा तुजं नाव काय हुतं गं? मी इसरले."

कामशेत स्टेशन गेलं. डोळे पुसते, समोरच्या बाई बघतायत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सोपानला मी सांगितलं नाही. ते सासूबाईंनी सांगायचं. त्यांना म्हटलं, घर पाडणार नाही. पण तिच्या मृत्यूची नोंद करायची. वडगावला तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करून जबाब द्यावा लागतो, जी व्यक्ती त्या वेळी होती तिनं. फोनवरच त्यांनी वार विचारला. मग, "येती."

सोपान म्हणाले, "मग सूट जाईल."

"जाऊ दे."

"पाच वर्षं पूर्ण पट्टी भरायची?"

"भरू. ओव्हरटाइम करीन. पण सारिकाच्या नावानं भरीन."

हे नाव ऐकून ते माझ्याकडं असे बघायला लागले की मलाच लाजल्यासारखं झालं. मी विचारून टाकलं, इतकी वर्षं नावानं हाक का मारली नाही?

"तिच्या नावानं तुला कशी हाक मारू?" ते म्हणाले. "आणि तुझ्या नावानं मारली असती तर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. मग म्हटलं, नकोच."

भित्रा माणूस. एवढं म्हणून उठले आणि उगाच गॅसची शेगडी पुसत बसले, कोरडी असून.

२४ सप्टेंबर, बुधवार

वडगाव. अकरा वाजता आत घेतलं. सासूबाई, सोपान, मी. समोरचे कारकून सरावानं भराभर विचारत होते. नाव, गाव, साल, आजार.

"मृत्यूच्या वेळी जवळ कोण होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "कुनी न्हाई."

"मग तुम्ही कशाच्या साक्षीदार, आजी?"

"मी दारात हुते."

कारकुनांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सासू कस्तुराबाई केदारी ह्या समक्ष हजर होत्या. बरोबर? इथं अंगठा."

"हजर नगा लिवू," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तसंच लिहावं लागतं."

"न्हाई. दारात हुती, आत गेली न्हाई, असं लिवा. ती बोलवत हुती तरी गेली न्हाई. तसं लिवा, मंगच अंगठा दीन."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. सोपान भिंतीला टेकले आणि मग खालीच बसले. त्यांच्याकडं सासूबाईंनी एकदाही पाहिलं नाही. शेवटी तसंच लिहिलं गेलं, त्या म्हणाल्या तसं शब्दाला शब्द. मग अंगठा झाला.

परतताना स्टेशनवर सोपान आईपासून चार बाकं लांब बसले होते. लोकल आली तेव्हा उठून आले, तिची पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागले.

३० सप्टेंबर, मंगळवार

सवलतीचा अर्ज मागं घेतला. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर उझमा मॅडम म्हणाल्या, दोन ओळीत बसेल ते. मी लिहिलं: मिळकत ११७ माधवी यांची आहे, त्या वारल्या. मी सारिका.

त्यांनी शिक्का मारला. म्हणाल्या, मृत्यूच्या नोंदीचा आदेश येईल, मग नाव बदलल्याचं गॅझेट, मग आधार, मग दस्ताची दुरुस्ती. वर्ष जाईल. तोवर सगळीकडं माधवीच. म्हटलं, सतरा गेली, एक काय!

कागदांच्या तारखा सापडाव्यात म्हणून ही डायरी सुरू केली होती. आता ही बँकेच्या साहेबांना काही दाखवता येणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आज राहायला आलो. सकाळपासून एक क्षण बसले नाही, आता पंखा लावून फरशीवर बसलेय. माझी फरशी.

टाक गळ्यातून काढला आणि देव्हाऱ्यात ठेवला, बाकीच्या टाकांशेजारी. तिची खरी जागा तीच होती. मानेला हलकं वाटतं, आणि थोडं उघडंही. हात सारखा तिथं जातो. दाराची पाटी कोरी ठेवलीय. सोपान म्हणाले, नाव आलं की कोरू. चार खिळे ठोकून झाले. पाचवा ठोकताना ११७ मधले आठवले आणि हात थांबला. मग ठोकलाच. तिलाही असंच वाटलं असणार, आता कोणाला विचारायचं नाही.

दूध उतू घालायला गॅसवर ठेवलं. कोमल खाली रांगोळी आणायला गेली होती, सोपान गादी चढवत होते. मी दाराकडं पाठ करून पातेल्याकडं बघत होते. जिन्यात काठीचा आवाज आला आणि दाराशी थांबला. मला ठाऊक होतं कोण ते. नेहमीप्रमाणं मी बोलवायची वाट बघतील, असं वाटलं.

"सारिका," दारातून हाक आली. घाबरत, नवा शब्द उच्चारावा तशी. "सारिका, आत यिऊ का गं?"

कोणाला बोलावतायत म्हणून मी मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. दूध उतू जायला लागलं, तेव्हा कुठं लक्षात आलं की ओ मला द्यायची आहे.